चालीच्या आधी कविता

सावरगाव आणि पांढुर्णा ही नावं बाहेरच्या माणसाने ऐकलेली असतात ती गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. वर्तमानपत्रं फोटो छापतात, जखमींचा आकडा देतात आणि पुढल्या पोळ्यापर्यंत आम्हाला विसरून जातात. आदल्या दिवशी, खुद्द पोळ्याला, इथं जे होतं त्याची बातमी कधी होत नाही. तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या असतात आणि पोळा फुटायच्या आधी कोणी तरी पुढे होऊन झडती म्हणतो. यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी असतात. कधी महादेव-पार्वतीवर, कधी एखाद्या कंजूष मालकावर, कधी कपाशीच्या भावावर आणि पुढाऱ्यांच्या आश्वासनांवर. शेवटी सगळा जमाव महादेवाचा गजर करतो.

झडती कोणी गात नाही. पण घरात जसं बोलतो तशी ती बोलतही नाही. आवाज एका ठरलेल्या पट्टीत चढतो, ओळीच्या मध्यावर दम घेतला जातो, यमकाच्या अक्षरावर जोर येतो आणि तिथंच ऐकणाऱ्यांच्या माना हलतात. सूर अजून यायचा आहे, लय मात्र येऊन बसली आहे. कवितेतून संगीत कसं निघतं असं मला कोणी विचारलं, तर मी त्याला आधी आमच्याकडची झडती ऐकायला बोलावीन आणि मग बाकीचं सांगेन.

ते बाकीचं सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तकाची वाखाणणी करावी असा आपल्याकडे रिवाज आहे. कवितांची निवड चांगली आहे की नाही हे वाचक ठरवतील. मी विषयाबद्दलच बोलतो, कारण या विषयावर आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात बोलण्याची गरज आहे असं मला फार दिवसांपासून वाटतं.

इथं गाणाऱ्यांची कमतरता नाही. गावोगावी भजनी मंडळं आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या मुलखात घुमली त्या मुलखाला आमचा भाग लागूनच आहे, आणि ग्रामगीतेची पोथी इथल्या कितीतरी घरांत आहे. जामसावळीच्या हनुमानाला जाणाऱ्या पालख्यांपुढे गाणारे आहेत, नवरात्रात जागरण करणारे आहेत, कोजागिरीला भुलाबाई म्हणणाऱ्या बाया अजून आहेत. हार्मोनियमवर बोटं फिरवणारी पोट्टी तर प्रत्येक आळीत सापडतील. कमतरता आहे ती नव्या चालीची. भजनाची कुठलीही चोपडी उघडा, प्रत्येक भजनाच्या डोक्यावर ‘तर्ज’ म्हणून एका सिनेमातल्या गाण्याचं नाव छापलेलं असतं. शब्द देवाचे आणि चाल हिंदी सिनेमाची. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लोकांच्या ओठावर असलेली चाल घेतली की भजन पटकन पसरतं, हा व्यवहार जुना आहे. पण त्याची एक किंमत मोजावी लागते. चाल आधीच ठरलेली असली की शब्द वाचायची गरजच उरत नाही. मात्रा जुळल्या की झालं. दहा वर्षं एखादं भजन म्हणणाऱ्याला तिसऱ्या कडव्यात काय आहे असं विचारलं तर तो गाऊन दाखवतो, सांगू शकत नाही.

एकेकाळी सबंध मराठी संगीतातच हा व्यवहार चालत होता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं नाटकाच्या छापील पुस्तकांत पदावर ‘चाल’ अशी नोंद असे आणि तिच्यापुढे एखाद्या लावणीचं, कीर्तनातल्या पदाचं किंवा उत्तरेकडच्या चीजेचं नाव. नाटककार त्या साच्यात शब्द बसवत. त्यातून निघालेलं संगीत थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कविता आधी होती, ती कोणी तरी पानावर वाचली, वाचता वाचता त्याला काही तरी ऐकू आलं आणि मग चाल जन्मली, हा क्रम मराठीत रुजवला तो भावगीताने.

हा क्रम रुजला त्याचा एक मोठा टप्पा आमच्या शेजारच्या वऱ्हाडात आहे, याचं मला कौतुक वाटतं. बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ध्वनिमुद्रिका निघाली. जोशीही वऱ्हाडातलेच, खामगावचे. तेही वकिलीचं शिक्षण घेतलेले आणि पुढे एचएमव्हीत रेकॉर्डिंगचं काम करत आयुष्य घालवलेले. ती कविता आजही वाचून पाहा. रानातून जाणाऱ्या एका शिट्टीच्या आवाजावर ती उभी आहे. कवितेचा विषयच आवाज आहे. गाणाऱ्यापुढे पेच असा, की शीळ तर ऐकू यायला हवी आणि शीळ घालायची तर नाही. शब्दांतला तो लांब जाणारा आवाज सुरांनी सुचवायचा. त्यात त्या काळच्या तबकडीची अट होती. एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत, त्यापलीकडे सुई मधल्या लेबलाला टेकायची. म्हणजे आलापात रमायला जागा नाही, जे सांगायचं ते कवितेच्या आधारानेच सांगायचं. मराठी भावगीताचा आटोपशीर बांधा अशा अडचणींतूनही घडला.

आणखी एक गोष्ट. देशपांड्यांचा ‘शीळ’ हा पहिला काव्यसंग्रह निघाला १९५४ साली. म्हणजे कवीचं पुस्तक येण्याच्या वीसेक वर्षं आधी कविता घरोघरी पोचली होती. चाल लावणारा माणूस हा कवितेचा पहिला मोठा वाचक असतो, याहून वेगळा पुरावा मला नको.

उलट दिशेचा प्रवास बहिणाबाईंच्या ओव्यांचा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात, चुलीपुढे रचत आणि गुणगुणत. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली आणि महाराष्ट्राने ती कविता म्हणून वाचली. मग १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यातल्या रचनांना चाली दिल्या. जात्यावरचं गाणं कागदावर आलं, कागदावरून पुन्हा गाणं झालं. मधल्या त्या कागदाने काय केलं? त्याने गाणं जात्यापासून सोडवलं. जात्याची घरघर बाजूला झाली आणि शब्द एकटे उभे राहिले. मग संगीतकाराला त्यांच्यासाठी दुसरं जातं शोधावं लागलं.

व्हिएन्नातल्या एका पोराची इथं आठवण होते. फ्रान्झ शूबर्ट सतरा वर्षांचा असताना, १८१४ साली, त्याने गटेच्या ‘फाउस्ट’मधलं एक गीत वाचलं. चरख्यावर सूत कातता कातता एक मुलगी प्रियकराची आठवण काढते आहे. शूबर्टने पियानोच्या उजव्या हाताला चरखा फिरवायला लावला. तो फिरत राहतो, आणि मुलीला त्याच्या चुंबनाची आठवण येते तिथं थांबतो. मग अडखळत, एक-दोनदा प्रयत्न करून, पुन्हा फिरू लागतो. कवितेत कुठंही ‘इथं चरखा थांबला’ असं लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याला दिसलं. वाचन म्हणतात ते हे. पुढच्या चौदा वर्षांच्या आयुष्यात त्याने सहाशेच्या आसपास कवितांना चाली दिल्या. त्यातल्या काही गटेकडे पाठवल्या होत्या, तर त्या उत्तराशिवाय परत आल्या. कवींचा कान नेहमीच संगीतकाराच्या बाजूने असतो असं नाही.

आता आमच्या प्रांताकडे येतो. मध्य प्रदेश म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मराठी कविता येत नाही. यायला हवी. भा. रा. तांबे यांचा जन्म मुंगावलीचा आणि सगळं आयुष्य देवास, इंदूर, ग्वाल्हेर या मुलखातलं. ग्वाल्हेर संस्थानाचे ते राजकवी होते. पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर, हिंदीच्या शेजारात राहून त्यांनी मराठीतली सगळ्यात गोड गेय कविता लिहिली. मला तर वाटतं, दूर राहिले म्हणूनच लिहिली. संस्थानी शहरांतलं गाणंबजावणं त्यांच्या कानावर होतं आणि कवितेत ते झिरपलं. तांबे १९४१ साली गेले. त्यांच्या कवितांना वसंत प्रभूंनी चाली लावल्या आणि लताबाईंनी त्या गायल्या ते त्यानंतर. पुढे हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या आणखी काही कवितांना हात घातला. दोघांच्या चाली एकापाठोपाठ एक ऐकल्या तर कळतं की एकाच कवीत दोन वेगळी माणसं वाचता येतात. प्रभूंचे तांबे लडिवाळ आहेत, ओळखीच्या अंगणात बसून बोलतात. हृदयनाथांचे तांबे संध्याकाळी एकटे उभे आहेत. दोन्ही खरे. कविता तीच, वाचणारा बदलला.

तांब्यांच्याच देवासला १९४८ साली एक आजारी तरुण गवई राहायला आला. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं होतं आणि काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं. त्या सक्तीच्या मुक्कामात खिडकीबाहेरून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कानावर येत, नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत दारावरून जात. त्यातून पुढे त्यांचे धुनउगम राग आले, १९६५चं ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक आलं. हे सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं वाचन. कबीर, सूर, मीरा, तुलसीदास, तुकाराम यांच्यावर त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम बांधले. एका संताचं दर्शन घडवायचं म्हणजे हाती लागतील ती पाच पदं गायची नसतात. शेकडो पदं वाचून त्यातली कुठली एकमेकांशी बोलतात हे ठरवावं लागतं. कुमारांचा कबीर ऐकताना जाणवतं की हा माणूस शब्दाच्या अलीकडे थांबला आहे, शब्दाचा अर्थ येऊ देतो आहे आणि मगच पुढचा सूर लावतो आहे. आमच्या भजनी मंडळांनी कुमारांसारखं गावं असं मी म्हणणार नाही, ते कोणालाच जमणारं नाही. त्यांच्यासारखं वाचता मात्र येईल.

कुमारांनी आमच्या शेजारच्या कवीलाही गायलं आहे. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मूर्तिजापूरचे. गायक वसंतराव देशपांडेही मूर्तिजापूरचेच. अनिलांची कविता कुमारांनीही गायली आणि वसंतरावांनीही. ती गाणी आजही टिकून आहेत. गंमत अशी की मराठीत मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्यांत हेच अनिल पुढे होते.

वऱ्हाड-नागपूरकडचे आणखी दोन कवी इथं टाळता येणार नाहीत. अमरावतीचे सुरेश भट आणि नागपूरचे ग्रेस. दोघांना हृदयनाथ मंगेशकरांसारखा वाचक मिळाला. भटांच्या कविता हृदयनाथांच्या हाती फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत लागल्या आणि मग त्यांनी कवीचा शोध घेतला, असं सांगितलं जातं. ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांत भटांच्या रचना त्यांनी ज्या ताकदीने आणल्या त्याला तोड नाही. भटांची गझल चाल लावणाऱ्याला मदत करते. वृत्त पक्कं असतं, रदीफ ठरलेल्या जागी येतो, पहिल्या ओळीत उत्सुकता ताणली जाते आणि दुसरीत ती सुटते. आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांनी आपली सगळी गायकी याच रचनेवर उभी केली.

ग्रेस काहीच मदत करत नाहीत. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आल्या तेव्हापासून लोक त्यांना दुर्बोध म्हणत आले. पण ‘महाश्वेता’ या दूरदर्शन मालिकेसाठी त्यांची कविता हृदयनाथांच्या चालीत लताबाईंनी गायली, आणि ज्यांना ग्रेस ‘समजत नाहीत’ त्या घरांतही ती ऐकताना माणसं गप्प झाली. याचा अर्थ चालीने अर्थ सोपा केला असा नाही. शाळेतल्या संदर्भासह स्पष्टीकरणासारखा अर्थ लावण्याच्या आधी कवितेतला स्वर कोणाचा आहे, तो भ्यालेला आहे की आठवणीत बुडालेला आहे, हे ओळखावं लागतं. हृदयनाथांनी ते ओळखलं. माझ्या मते चाल लावणाऱ्याला कवितेचा अर्थ पूर्ण कळलाच पाहिजे असं नाही. तिच्यात कोण बोलतंय हे मात्र कळलंच पाहिजे.

थोडं कामाचं बोलू. वृत्ताला घाबरणाऱ्या मुलांसाठी एक नमुना देतो. मनाचे श्लोक प्रत्येकाने लहानपणी म्हटलेले असतात. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात. लघु, गुरु, गुरु असा गट चार वेळा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे गटाच्या पाच आणि ओळीच्या वीस. आता झपताल घ्या. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन अशी विभागणी. ओळ समेपासून सुरू केली तर पहिलाच गुरु दोन विभागांच्या सीमेवर पडतो आणि चाल लंगडते. तीच ओळ तिसऱ्या मात्रेपासून उचला. लघु-गुरु तीन मात्रांत बसतात, पुढचा गुरु दोन मात्रांत, आणि असं चालत गेलं की ओळीचं सहावं अक्षर समेवर येतं आणि शेवटचं बारावं, म्हणजे यमकाचं अक्षर, पुन्हा समेवर. झडती म्हणणारा यमकावर जो जोर देतो तोच हा. भटांच्या अनेक गझलांत ‘गालगागा’ हा गट येतो. त्याच्या सात मात्रा, आणि रूपकाच्या तीन-दोन-दोनमध्ये तो तंतोतंत बसतो. कवी ताल देऊनच गेलेला असतो. आपण हाताने टाळी देत कविता वाचली तर तो सापडतो.

पण वृत्त म्हणजे चाल नव्हे. एकाच वृत्तातल्या सगळ्या कविता एकाच चालीत म्हणता येतात, आणि तशा म्हटल्या की सगळ्या सारख्याच वाटतात. वृत्तानंतरचं काम अर्थाचं. ‘थांबू नको जा’ हे तीन शब्द घ्या. ‘नको’नंतर श्वास घेतला तर निरोप होतो, ‘थांबू’नंतर घेतला तर विनवणी. चाल बांधणारा कुठं श्वास ठेवतो यावर कवितेचं बरंवाईट ठरतं. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकात आयुष्यभराचा अनुभव याच आग्रहाभोवती मांडला आहे. ज्याला या वाटेने जायचं आहे त्याने ते पुस्तक मिळवावं. नागपूर काही लांब नाही, इटारसीकडून येणारी गाडी पांढुर्ण्यावरूनच जाते.

कवितेचे स्वरही पाहावे लागतात. ओळ ‘आ’वर संपत असेल तर आवाज मोकळा लांबवता येतो. ‘ई’ किंवा ‘ऊ’वर संपत असेल तर वरच्या सप्तकात तो आवळतो, म्हणून तिथं मुक्काम खाली ठेवलेला बरा. आमच्या मुलांना एक अडचण आणखी आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी शाळेची भाषा मुख्यतः हिंदीच आहे. घरी मराठी, वर्गात हिंदी. लिपी एकच असल्यामुळे मराठी कविता वाचायला कोणाला अडचण येत नाही, हा मोठा फायदा. मात्र ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘चांदणं’तला ‘च’ ‘चहा’तल्या ‘च’सारखा उमटतो. ही मुलं मोठ्याने कविता वाचू लागली, तिला चाल लावू लागली, की हे आपोआप सुधारतं. चुकीच्या उच्चारावर सूर टिकत नाही. इथं मराठी टिकवण्यासाठी सभा, ठराव, निवेदनं पुष्कळ झाली. त्यांच्यापेक्षा चार चांगल्या चाली जास्त काम करतील असं माझं मत आहे.

सगळ्याच कवितांना चाल लावावी असंही नाही. नारायण सुर्व्यांची ‘माझे विद्यापीठ’ आवाज मागते, सूर मागत नाही. ती खड्या आवाजात म्हणावी आणि खाली बसावं. काही कविता इतक्या पूर्ण असतात की चाल त्यांच्यावर ओझं होते. आणि कधी कविता वाचून जे सुचतं त्यात तिचा एकही शब्द नसतो. मालार्मेची एक कविता वाचून देबुसीने १८९४ साली दहा मिनिटांचं वाद्यवृंदाचं संगीत लिहिलं. गाणारा कोणी नाही, सुरुवातीला एकटी बासरी आणि नंतर दुपारची सुस्ती. आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे कसबी लोक आहेत. नऊ महिने त्यांचं वाद्य पेटीत असतं. त्यांच्यापैकी एखाद्याने पावसाळ्यात बसून ग्रेसची एखादी कविता वाचावी आणि शब्दांशिवाय वाजवून पाहावी, ही माझी जुनी इच्छा आहे.

या पुस्तकात डाव्या पानावर कविता आहे आणि उजवं पान मोकळं सोडलं आहे. छपाईतली चूक समजू नका. ते पान तुमच्या चालीसाठी आहे. मात्र ते लगेच भरू नका. आधी कविता स्वतःच्या हाताने उतरवून काढा. लिहिताना ज्या शब्दावर हात अडतो तो बहुतेक वेळा महत्त्वाचा शब्द असतो. मग मोठ्याने वाचा, चालताना, गाडीची वाट पाहताना, संत्र्याच्या बागेला पाणी देताना. हार्मोनियम बंदच असू द्या. पेटी उघडली की बोटं सवयीच्या जागी जातात आणि कवितेवर ऐकलेलं गाणंच चढवतात. वाचता वाचता आवाज आपोआप कुठं चढतो ते पाहा, ती जागा बहुधा अंतऱ्याची. गुणगुण सुरू झाली की मोबाईलमध्ये टिपून ठेवा आणि काही दिवस तिकडे फिरकू नका. परत ऐकलं आणि एखाद्या सिनेमातल्या गाण्याची आठवण झाली तर ती चाल सोडून द्या. नाही झाली तर पेटी उघडा, पेन्सिल घ्या आणि उजवं पान लिहायला लागा.

हक्कांबद्दल एक सूचना. आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या कवितेवर वारसांचा हक्क असतो. तांब्यांच्या कविता २००२ पासून मोकळ्या आहेत. सुरेश भटांच्या २०६३ अखेरपर्यंत नाहीत. घरी, शिकताना कोणतीही कविता घ्या. चाल लोकांपुढे आणायची किंवा मोबाईलवरून जगभर सोडायची असेल तर आधी परवानगी मागा. हयात कवी बहुधा आनंदाने देतात, आणि कधी कधी चाल ऐकून एखादं कडवं बदलूनही देतात.

आणि शेवटची विनंती. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात निवेदक गायकाचं नाव घेतो, सिनेमाचं घेतो, हिरो-हिरॉइनचं घेतो. कवीचं घेत नाही. तुमची चाल गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, भजनाच्या बैठकीत, कुठंही म्हणा, पण पहिला सूर लावण्याआधी कवीचं नाव आणि गाव मोठ्याने सांगा. चाल कोणाची हे नंतर सांगितलं तरी चालेल.